आढं तीन बोटं खाली

सकाळी अजिनाथचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होते.

"मॅडम, शेड वाजली," तो म्हणाला.

"वाजली म्हणजे?"

"धाडकन वाजली. बंदुकीवानी. आन् आढं खाली आलंय. तीन बोटं तरी."

"कुणी खाली होतं का? लागलं कुणाला?"

"न्हाय, न्हाय. मेंढरं भाईरच हुती. पर आबा म्हनत्यात, आता हितं ऱ्हायाचंच न्हाय."

मी फोन ठेवला. चहा ओट्यावरच राहिला.

जुळे सोलापुरात माझं ऑफिस आहे, म्हणजे आमच्याच फ्लॅटची पुढची खोली. तिथे बसून मी पत्र्याच्या इमारतींची डिझाइनं करते. लोखंड तापवून लाटलेले जाडजूड गर्डर वेगळे. माझा माल म्हणजे दोन मिलिमीटरचा पत्रा, थंडच वाकवून त्याचे इंग्रजी 'सी'सारखे चॅनेल केलेले. दोन चॅनेल पाठीला पाठ लावायचे, जिथे जोडायचं तिथे मध्ये प्लेट घालायची आणि बोल्टने आवळायचं. हलकं, लवकर उभं राहणारं आणि नीट केलं तर पक्कं. हे 'नीट केलं तर' मी वर्षानुवर्षं लोकांना समजावते आणि लोक चॅनेलवर टिचकी मारून म्हणतात, "बाई, हा तर डबाच की!" घरचा माणूसही त्यातलाच. माझा नवरा कमलाकर शाळेत गणित शिकवतो आणि माझ्या कामाला बिस्किटाचा डबा म्हणतो. त्या दिवशी मात्र त्याने माझं तोंड पाहिलं, एकही विनोद केला नाही आणि गाडीची किल्ली हातात आणून दिली. 

शेड होती मोडनिंबच्या पलीकडच्या माळावर, श्रीमंत धनगराची. नावाने श्रीमंत आणि बोलण्यात महाकंजूष असा हा माणूस. दर वर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घर सोडायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं, हा त्याच्या घराण्याचा रिवाज. बायको तानाबाई लग्न झाल्यापासून त्याच्या मागे चालत आलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. तरीही ती चालली, कारण मेंढरं चालत होती. मग मुलाने, अजिनाथने, हट्टच धरला की आता मेंढरं जागेवर पाळू, चारा आणून घालू, आईला बसू दे. म्हातारा वर्षभर हूं की चूं करेना. शेवटी "बांधा काय बांधायचं ते" एवढं म्हणाला आणि ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या भेटीत तानाबाईने मला एकच विचारलं होतं, "बाई, ह्यात बसल्या जागी मेंढरं राखता येतील न्हवं?" मी म्हणाले होते, "येतील मावशी. पाय पसरून बसा."

मोहोळ येईपर्यंत मी सगळं गणित मनात पुन्हा मांडून पाहिलं. आदल्या दिवशी छपरावर सोलरचे पॅनेल चढले होते आणि सकाळी शेड वाजली होती. पण पॅनेलचं वजन मी धरलेलं होतं. वारा धरला होता, वर चढणारी माणसं धरली होती. कुणी जास्तीचं वजन टाकलं म्हणून हात झटकायची सोयच नव्हती. जे काही झालं होतं ते माझ्याच आकड्यांच्या आत झालं होतं.

माझ्या धंद्यात ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांना त्या एकच वाटतात. बोल्ट आत जावा म्हणून भोक बोल्टपेक्षा जरासं मोठं ठेवावं लागतं. नट आवळला की पत्रे एकमेकांना घट्ट धरतात आणि सांधा ताठ राहतो. ती पकड सुटली तर बोल्ट भोकातल्या मोकळ्या जागेपुरता सरकतो आणि भोकाच्या कडेला जाऊन टेकतो. तेव्हा आवाज होतो, सांध्यात तांदळाएवढं सरकलं तरी लांब वाशामुळे आढं दोन-तीन बोटं खाली येतं, पण टेकल्यावर सांधा पुन्हा वजन घेतो. म्हणजे ताठपणा गेला, ताकद शाबूत राहिली. पण कडेला टेकूनही बोल्ट थांबला नाही, तर पातळ पत्रा फाटायला लागतो, गरम पोळीत बोट खुपसावं तसा. मग ताकदच गेली आणि त्या छपराखाली मेंढरूसुद्धा उभं करू नये. बाहेरून ऐकाल तर दोन्हींचा आवाज सारखाच. खरं काय झालं ते फक्त भोक सांगतं. बोल्ट काढून पाहायचा. भोक गोल असेल तर सांधा नुसता सरकला, लांबट झालं असेल तर पत्रा फाटतोय.

एवढं सोपं होतं ते, पण भोक पाहायला आधी तिथे पोचायला हवं होतं.

मी पोचले तेव्हा शेड उभी होती. पाच चौकटी, प्रत्येकीत दोन खांब आणि आढ्याशी जुळणारे दोन वासे, वर पत्रा, पत्र्यावर पॅनेल. लांबून नवी कोरी दिसत होती. जवळ गेले आणि मधल्या चौकटीच्या आढ्याशी छप्पर खरंच बसकं दिसलं. चौकटी उभ्या करणारा शरणबसव माझ्या आधीच येऊन पोचला होता. हा अक्कलकोटकडचा, रागावला की कानडीत आणि घाबरला की मराठीत बोलणारा. त्या दिवशी तो मराठीत बोलत होता, शेवटी कानडी 'री' जोडून.

"मॅडम, बोल्ट सगळे आवळलेले होते. माझी चूक नाही री."

"तुझी आहे असं मी म्हटलं का?"

"तुम्ही म्हणणार होता."

खरं तर म्हणणारच होते. गाडीतून उतरतानाच वाक्य तयार होतं.

श्रीमंत बाभळीखाली घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता. त्याने मला नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. पर पत्रा त्यो पत्राच. परवा निघायचं ठरलंय."

"मावशींचं काय?"

"येतीया की. आतापतूर आलीच न्हवं?"

तानाबाई दगडावर बसून गुडघे चोळत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही की माझ्याकडे पाहिलं नाही, तिचं लक्ष शेडकडे होतं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी सगळ्यांवर ओरडले. अजिनाथला शिडी आणायला पिटाळलं, शरणबसवला टेकू लावायला सांगितलं आणि श्रीमंतमामांना म्हटलं, "परवाचं परवा बघू. आज दुपारपर्यंत मला द्या."

आढ्याच्या सांध्याखाली दोन टेकू आवळून लावले. मग मी शिडीवर चढले. ओढणी कमरेला खोचली, मोबाइलचा उजेड पाडला आणि आधी चॅनेलवरून हात फिरवला. पातळ पत्रा हरायला लागला की आधी त्याला सुरकुती पडते. सुरकुती नव्हती. मग शरणबसवने पहिला बोल्ट सोडवला. नट निघाला, बोल्ट निघेना. कडेला टेकून बसला होता. हातोडीने हलकेच ठोकल्यावर तो बाहेर आला.

मी भोकात उजेड टाकण्याआधी क्षणभर डोळे मिटून घेतले. देवाचं नाव घेतलं असं सांगितलं तर बरं दिसेल, पण मी कमलाकरच्या बिस्किटाच्या डब्याला शिव्या घातल्या. मग पाहिलं.

भोक गोल होतं.

बोटाने कड चाचपली. कुठे पत्रा गोळा झालेला नाही, फाटलेला नाही. दुसरा बोल्ट काढला, तेही गोल. एक लावायचा, एक काढायचा, असं करत तो सांधा संपवला. मग खांबाच्या डोक्यावरचे दोन्ही सांधे तपासले. सगळी भोकं गोल. मी शिडीच्या पायरीवर तशीच बसले आणि मला हसू यायला लागलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला शिडीवर बसल्या बसल्या कळलं.

"काय झालं, मॅडम?" अजिनाथ खालून घाबऱ्या आवाजात.

"काही नाही झालं. काहीच नाही झालं, तेच तर!"

पण माझा स्वभाव असा की आनंद दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. सांधा सरकला हे कळलं, पण का सरकला? एवढ्या वजनाला पकड सुटायला नको होती. मी शरणबसवच्या हातातला शेवटचा बोल्ट घेतला, तर बोटं तेलकट झाली. उजेडात धरली, तर पिवळी.

"शरणबसव, हे काय आहे?"

तो एकदम कानडीत काहीतरी पुटपुटला.

"मराठीत."

"हळद री."

"हळद? सांध्यात?"

"मी नाही लावली. लावलेली होती. आम्ही जेवून आलो, तर प्लेटांना हळद लावलेली. देवाचं काम, पुसायचं कसं? लागलेली हळद कुणी पुसतं का, मॅडम?"

मी वरून खाली पाहिलं. तानाबाई दगडावरून उठून शेडच्या तोंडाशी आली होती.

"म्याच लावली," ती म्हणाली. "तेलात कालवून. लग्नात मांडवाच्या पैल्या मेढीला लावत्यात न्हवं? तशी. माजा मांडवच की ह्यो. जितं जितं दोन तुकडं जुळनार, तितं तितं लावली. संसार जुळतुया तितंच लावायची असती."

आता यावर काय बोलायचं! पत्र्याला पत्रा घट्ट धरावा म्हणून मी प्लेटा कोरड्या, स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं. गंज नको, रंग नको, माती नको, सगळं सांगितलं होतं. हळद नको असं सांगायचं मला सुचलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. बरं, या माऊलीने खांबाला बाहेरून बोटं ओढली असती तर काही बिघडलं नसतं. तिने नेमके मर्माचे सगळे सांधे शोधून तेल-हळद चोपडली होती. आणि शरणबसवने भक्तिभावाने त्यावर बोल्ट आवळले होते. आधीच पत्रा गुळगुळीत, त्यात वर तेल!

मी हे सगळं समजावून सांगितलं. माझ्या सवयीप्रमाणे जरा जास्तच आवाज चढवून सांगितलं असावं, कारण तानाबाईचा चेहरा उतरला.

"म्हंजे म्याच पाडलं व्हय?" ती म्हणाली.

श्रीमंत तिच्या मागे येऊन उभा राहिला होता.   लग्न झाल्यापासून चालत आलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या छपराला हळद लावली आणि मी तिला चुकांची यादी वाचून दाखवत होते. मी शिडीवरून उतरले आणि तिचा हात धरला.

"मावशी, नीट ऐका. पडलं नाही. हळदीने घसरलं आणि बोल्टने धरलं. जेवढं सरकायचं तेवढं सरकून ते आता घट्ट टेकून बसलंय. खाट करकरली म्हणजे मोडली का?"

"न्हाय."

"मग? ही तर करकरून मोकळी झाली."

"आन् बाकीच्या चार?" श्रीमंतने विचारलं. बोलत नसला तरी म्हाताऱ्याचं डोकं तल्लख. हळद सगळीकडे होती, म्हणजे बाकीच्या चौकटीही कधी ना कधी वाजणार होत्या. आज नाही तर उन्हाळ्यातल्या वावटळीत, आणि तेव्हा खाली मेंढरं असणार होती. मेंढरं आवाजाने उधळली तर एकमेकांखाली चेंगरतात, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

"बाकीच्या आपणच वाजवू," मी म्हणाले. "आत्ताच. तुमच्यासमोर. वाजल्या की खाली बसतील, मग शरणबसव बोल्ट पुन्हा आवळेल. मग वादळ येवो नाहीतर तुमचे व्याही येवोत, हलायला जागाच उरणार नाही."

ही कल्पना सगळ्यांना वेडेपणाची वाटली. अजिनाथ म्हणाला, "मॅडम, नवी शेड मुद्दाम वाजवायची?" पण श्रीमंत पहिल्यांदाच हसला. दात नसलेल्या बाजूने हसला. "वाजू द्या," म्हणाला, "कळू तरी द्या कशी वाजतीया."

मग आम्ही मक्याची, पेंडीची जी पोती होती ती काढली आणि रिकाम्या पोत्यांत माती भरली. उरलेल्या चारांपैकी पहिल्या चौकटीच्या आढ्याला दोर टाकला. खाली टेकू उभे केले, पण आढ्याला न लागणारे, मधे हातभर जागा सोडून, म्हणजे काही विपरीत झालंच तर छप्पर तिथे अडेल. सगळ्यांना बाहेर काढलं. आत फक्त मी आणि शरणबसव. एकेक पोतं दोराला लटकवत गेलो. सोलरच्या पॅनेलपेक्षा जास्त झालं, वाऱ्यासाठी धरलेल्या भाराच्या निम्मं झालं.

धाड!

मला माहीत होतं, तरी मी दचकले. शरणबसव तर "शिवा शिवा" म्हणत थेट बाहेर. धूळ खाली बसली. आढं तीन बोटं खाली आलं होतं आणि सगळी पोती अंगावर घेऊन तसंच थांबलं होतं. आणखी दोन पोती चढवली. हललं नाही.

"ऱ्हायलं," बाहेरून तानाबाई म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं.

दुसरी चौकट वाजली तेव्हा कुणी दचकलं नाही. तिसरी वाजायच्या आधी अजिनाथने मोबाइलवर शूटिंग सुरू केलं आणि शेजारच्या वस्तीवरची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिसरी वाजली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या आवाजाने सकाळी या घराचं बिऱ्हाड उठणार होतं, त्याच आवाजाची आता सगळे वाट बघत होते. शरणबसव एवढा धीट झाला की पोतं लटकवून तिथेच कमरेवर हात ठेवून उभा राहू लागला.

शेवटची चौकट मात्र वाजेना.

तेवढीच पोती लटकवली, शांत. आणखी दोन लावली, तरीही काही नाही. कुंपणावरची कुजबुज थांबली. माझ्या मनात पुन्हा नको ते यायला लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मला आता न वाजणाऱ्या चौकटीची भीती वाटायला लागली. आत काही अडकलंय का, कुठे पत्रा दुमडून बसलाय का? पोती उतरवली, टेकू वर चढवून आवळले, शिडी लावली, बोल्ट काढला. भोक गोल. बोल्ट कोरडा, स्वच्छ, एक पिवळा डाग नाही.

"मावशी," मी वरून विचारलं, "ह्या सांध्याला हळद नाही लावली?"

तानाबाईने पदर तोंडाला लावला. "तितवर पुरली न्हाय," ती म्हणाली. "लाज वाटली म्हून कुनाला बोलले न्हाय."

यावर श्रीमंत असा हसला की त्याची घोंगडी खांद्यावरून खाली घसरली. मीही हसले. शरणबसव म्हणाला, "मॅडम, हिलाबी हळद लावू का? म्हणजे वाजंल."

"खबरदार!" मी म्हणाले. टेकू पुन्हा हातभर खाली घेतले, पोती परत लटकवली, सगळ्यांना मागे सारलं आणि त्याला शिडीवरून नट जरा जरा ढिले करायला लावले. तीही चौकट न रागावता, हळूच 'टक्' करून बाकीच्या बहिणींच्या रांगेत बसली. मग शरणबसवने मोठा पाना घेऊन पाचही चौकटींचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले. एकेक आवळून झाला की मी खडूने खूण करत होते आणि श्रीमंत माझ्यामागोमाग शिडी चढून प्रत्येक खूण बोटाने पुसट होईपर्यंत चाचपत होता. त्याने ते का केलं ते मी विचारलं नाही.

सगळं झाल्यावर तो शेडच्या मधोमध उभा राहिला. वर पाहिलं. खांबाला पाठ टेकून सगळा भार टाकला, बैल अंग घासतो तसा.

"हालत न्हाय," तो म्हणाला.

"हलणार नाही. पण ही पत्र्याची आहे, मामा. वादळात थोडी लवेल, उन्हात कुरकुरेल. तेवढं चालवून घ्यायचं."

"चालतंय की," तो म्हणाला. "मानसाचंबी तसंच असतंय." मग तो अजिनाथकडे वळला. "मेंढरं आन आत."

मेंढरं आत यायला तयार नव्हती. त्यांना छप्पर माहीतच नव्हतं. पहिली दाराशी थबकली म्हणून मागच्या सगळ्या थबकल्या, अजिनाथ ओरडून ओरडून थकला. तेव्हा तानाबाई उठली. खांबाला धरत, गुडघ्यावर हात ठेवत ती त्यांच्यामधून आत गेली आणि तोंडाने एक बारीक आवाज काढला. त्या आवाजामागे सगळा कळप मुकाट आत आला. ती पार शेवटच्या चौकटीखाली जाऊन खांबाला टेकली, हळूहळू खाली बसली आणि दोन्ही पाय सरळ पसरले. एक कोकरू तिच्या पायांवरून उडी मारून गेलं.

"मावशी, चला, चहा ठेवलाय," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले होते.

"तुमी घ्या," ती म्हणाली. "मला आता कुनी उटवू नगा."